जपून ठेवले, पण कुठे?

मे महिना सरत आला, की मालवणच्या किनाऱ्यावर लगबग सुरू होते. होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात, लाकडे पडवीत रचली जातात आणि घरोघरी पावसाळ्याची बेगमी होते. उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुके बांगडे, सोडे, फणसाच्या आठळ्या हे सारे मडक्यांतून, बरण्यांतून, डब्यांतून भरून माळ्यावर चढते. पुढचे चार महिने दर्या खवळलेला आणि वाटा चिखलाच्या. तेव्हा हीच पुंजी कामाला येते.

आता अशी कल्पना करा, की बेगमी उत्तम झाली आहे. उंदीर, मुंग्या, ओल यांपासून तिचा बंदोबस्तही चोख आहे. पण कोणत्या मडक्यात काय भरले ते एकट्या आजीला ठाऊक, आणि आजी चार दिवसांसाठी लेकीकडे गेली आहे. बाहेर धो धो पाऊस, घरात पाहुणे, आणि आमसुले कुठे ठेवली ते कुणालाच सांगता येत नाही! एकामागून एक मडकी उघडत बसावे लागणार. तरी बरे, मडक्याला वास असतो. सुक्या बांगड्यांचे मडके अंधारातही ओळखता येते. कागदांच्या गठ्ठ्याला आणि संगणकातल्या माहितीला तोही आधार नाही.

मित्रांनो, बँका, इस्पितळे, रेल्वे, सरकारी कचेऱ्या अशा मोठ्या संस्थांपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो, मात्र प्रचंड प्रमाणावर. मूळ माहिती जळाली, भिजली, चोरीस गेली किंवा कुणाच्या हातून पुसली गेली, तर हाताशी असावी म्हणून या संस्था तिची राखीव प्रत ठेवतात. संगणकवाले तिला बॅकअप म्हणतात. पण प्रत ठेवणे हे अर्धेच काम. ऐन वेळी त्या ढिगातून नेमका हवा तो एक कागद काढता येणे हे उरलेले अर्धे, आणि ते सूचीवाचून होत नाही. प्रत आणि सूची यांची सांगड कशी घालतात, ते आज पाहू. त्यासाठी एखाद्या परदेशी कंपनीत जाण्याचे कारण नाही. मालवणातल्याच एका सरकारी कचेरीपासून सुरुवात करता येईल.

एका कायद्यातला 'लगेच'

समजा, देवबागच्या एका गृहस्थांनी नारळीची बाग विकत घेतली. खरेदीखत तयार झाले, की देणारा आणि घेणारा दोघेही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. तेथे दस्ताची नोंदणी होते, सह्या आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात, मूळ दस्त मालकाला परत मिळतो आणि त्याची प्रत कचेरीत राहते. मालक आपला दस्त ट्रंकेत जपून ठेवतो. कोकणातली हवा तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंतींना ओल, कागदाला बुरशी, कपड्यांत कसर आणि लाकडाला वाळवी. पन्नास वर्षांनी ट्रंक उघडावी, तर दस्ताच्या जागी कधी कधी पिवळट भुगा हाती येतो. पण कचेरीतली प्रत शिल्लक असते. म्हणजे हा बॅकअपच झाला, आणि तोही संगणक जन्मण्याच्या कितीतरी आधीचा.

हे काम ज्या कायद्यान्वये चालते तो नोंदणी अधिनियम १९०८ सालचा आहे. त्याचे ५४वे कलम सांगते, की नोंदणीची पुस्तके जेथे जेथे ठेवली जातात तेथे त्यांतील मजकुराच्या सूच्या तयार कराव्यात, आणि दस्ताची प्रत पुस्तकात उतरवून झाली, की शक्य तोवर लगेच त्याची नोंद सूचीत करावी. या 'लगेच'कडे नीट लक्ष द्या. वर्षअखेरीस सवडीने सूची करू, असे नव्हे. यातले मर्म असे, की प्रत करणाऱ्या कारकुनासमोर त्या घडीला दस्त उघडा असतो. नावे, गाव, जमिनीचा नंबर सारे त्याच्या डोळ्यांपुढे असते. सूचीची ओळ लिहायला त्याला फार तर दोन मिनिटे लागतील. तेच काम महिन्याने करायचे, तर दस्त पुन्हा काढा, पुन्हा वाचा. आणि मधला महिनाभर तो दस्त असून नसल्यासारखाच.

पुढचे ५५वे कलम चार सूच्या सांगते. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. पहिली माणसांची: कुणी दिले आणि कुणी घेतले. दुसरी मालमत्तेची: कोणते गाव, कोणता नंबर, काय आहे. या दुसऱ्या सूचीला कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा सगळे 'इंडेक्स टू' म्हणूनच ओळखतात. घरासाठी कर्ज काढायला गेले, की बँक तिचा उतारा मागते. तुमच्या वडीलधाऱ्यांकडे असला तर मागून पाहा. वर 'सूची क्र. २' असे छापलेले दिसेल.

एकाच दस्ताला दोन सूच्या कशासाठी? कारण शोधणारे दोन प्रकारचे असतात. गिरगावात किंवा लालबागेत वाढलेला नातू गणपतीला गावी येतो. त्याला आजोबांचे नाव ठाऊक असते, पण जमिनीचा नंबर ठाऊक नसतो. त्याने पहिली सूची पाहावी. जमीन विकत घेणाऱ्याच्या वकिलाची गोष्ट उलटी. त्याच्यापुढे नंबर असतो, आणि गेल्या तीस वर्षांत त्या नंबरावर कुणाकुणाचे व्यवहार झाले ते त्याला हुडकायचे असते. त्याने दुसरी पाहावी. कोकणात एकेका तुकड्याला वीस-वीस, तीस-तीस सहहिस्सेदार असतात. एखादा जुना दस्त सापडला नाही, तर कुणाचा तरी हिस्सा बुडतो किंवा भावाभावांत दावा उभा राहतो. तेव्हा सूची ही काही निव्वळ कारकुनी बाब नव्हे.

सातबाऱ्याच्या शेजारचा आठ-अ

हीच युक्ती तलाठ्याच्या दप्तरातही दिसते, आणि मला तर ती तेथे अधिक सुबक वाटते. सातबारा तुम्ही ऐकून असाल. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून तो होतो. त्यात जमिनीच्या नंबरावरून मालकाकडे जाता येते. पण एखाद्या खातेदाराची गावात एकूण जमीन किती आणि कोठे कोठे, असे विचारले तर? गावातले सगळे सातबारे चाळायचे का? नाही. त्यासाठी गाव नमुना आठ-अ आहे. त्यात खातेदाराच्या नावासमोर त्याच्या सगळ्या नंबरांची यादी असते. म्हणजे माहिती तीच, फक्त उलटी फिरवलेली.

संगणकशास्त्रात अशा सूचीला उलटी सूची म्हणता येईल. जगातली सारी मोठी शोधयंत्रे हिच्यावरच चालतात. तीन दस्त घेऊन पाहू. १०१ क्रमांकाच्या दस्तात तारकर्ली, नारळबाग, खरेदी हे शब्द आहेत. १०२मध्ये आचरा, घर, बक्षीसपत्र. १०३मध्ये तारकर्ली, घर, गहाण. आता हे उलटे लिहा. तारकर्ली: १०१, १०३. घर: १०२, १०३. 'तारकर्लीतले घर' शोधायचे असेल तर दोन्ही ओळींत असलेला आकडा तेवढा घ्यायचा: १०३. एकही दस्त उघडावा लागला नाही! शब्द वर्णानुक्रमाने लावलेले असले, की शोध आणखी झटपट होतो. शब्दकोशात आपण मधले पान उघडतो, हवा तो शब्द आधी की नंतर ते पाहतो आणि निम्मा कोश बाजूला सारतो. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा तेच. दहा लाख नावांची यादी अशी वीस वेळा निम्मी केली, की एकच नाव उरते. करून पाहा: दोनाला दोनाने गुणत वीस वेळा गेलात, की दहा लाखांच्या पुढे पोचता.

तलाठ्याच्या दप्तरात आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जमिनीवरच्या हक्कात बदल झाला, की तो आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत लिहितात. मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून नवे नाव चढवतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालतात. हाताने लिहिण्याच्या काळात सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहून काढण्याची रीत होती. तेव्हा कंसातली नावे गळून जात. एखादे जुने नाव का गेले हे पाहायचे, तर क्रमांकाच्या धाग्याने मागे मागे जात फेरफार गाठावा लागतो.

मोठ्या संस्थांचे बॅकअप नेमके असेच चालतात. सगळ्या माहितीची पूर्ण प्रत रोज घेणे परवडत नाही. म्हणून एकदा पूर्ण प्रत घेतात आणि नंतर रोज फक्त बदललेला भाग तेवढा वेगळा ठेवतात. पूर्ण प्रत म्हणजे नव्याने लिहिलेला सातबारा. रोजची वाढीव प्रत म्हणजे त्या दिवसाचे फेरफार. 'गेल्या मंगळवारी हा हिशेब कसा होता?' असे कुणी विचारले, तर रविवारची पूर्ण प्रत घेऊन तिच्यावर सोमवारचे आणि मंगळवारचे बदल चढवावे लागतात. हे तुकडे कोठे कोठे आहेत ते कोण सांगणार? अर्थात सूची.

एक किलोमीटर लांबीची फीत

आता जरा आकडेमोड करू. राखीव प्रती ठेवण्यासाठी मोठ्या संस्था अजूनही चुंबकीय फिती वापरतात. तुम्हाला नवल वाटेल, पण फीत स्वस्त पडते, कपाटात ठेवल्यावर तिला वीज लागत नाही, आणि यंत्रातून काढून ठेवलेल्या फितीला संगणकातले विषाणू शिवू शकत नाहीत. 'एलटीओ' नावाच्या प्रकारातली २०२१ साली आलेली नवव्या पिढीची फीत घ्या. तळहातावर मावणाऱ्या एका डबीत १,०३५ मीटर लांबीची, सुमारे सव्वा सेंटिमीटर रुंदीची फीत गुंडाळलेली असते. तिच्यात १८ टेराबाइट, म्हणजे १८ वर बारा शून्ये इतके बाइट मावतात. स्कॅन केलेल्या एका पानाला एक लाख बाइट धरले, तर अठरा कोटी पाने!

पण फीत ही फीतच. हवे ते पान काढायला तिच्या मध्येच उडी मारता येत नाही. ती गुंडाळत गुंडाळत तेथवर जावे लागते. पान कोठे आहे ते ठाऊक असेल, तर यंत्र फीत भरधाव पळवून एक-दोन मिनिटांत तेथे पोचते. ठाऊक नसेल, तर आरंभापासून वाचत जाणे आले. ही फीत सेकंदाला ४० कोटी बाइट या वेगाने वाचता येते. अठरावर बारा शून्यांना त्याने भागा: ४५,००० सेकंद, म्हणजे साडेबारा तास. एका फितीला साडेबारा तास, तर शंभर फितींना एका यंत्रावर १,२५० तास, म्हणजे रात्रंदिवस चालवून बावन्न दिवस. एका पानासाठी!

आणि सूची केवढी असते? पानागणिक शंभर बाइटांची एक नोंद केली, म्हणजे पानाचे नाव, तारीख, कोणती फीत, कितवा तुकडा, तर अठरा कोटी पानांची सूची १८ गिगाबाइटची होईल. मूळ साठ्याच्या एक हजारांश. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावेल. पानांतले शब्दही सूचीत घातले तर ती बरीच फुगते, पण तरी साठ्यापुढे लहानच राहते.

येथे १९०८च्या कायद्यातला तो 'लगेच' पुन्हा भेटतो. यंत्राला सर्वांत महाग पडते ते वाचन. प्रत घेताना प्रत्येक पान एकदा वाचावे लागतेच. चांगली बॅकअप-प्रणाली त्या एकाच वाचनात तीन कामे उरकते. पान फितीवर लिहिते. ते कोठे लिहिले त्याची नोंद करते. आणि पानातले शब्द टिपून उलट्या सूचीत टाकते. सूची मागाहून वेगळी करायची म्हटली, तर तेच साडेबारा तास पुन्हा. पूर्वी पुष्कळ ठिकाणी प्रत घेणारी प्रणाली एका कंपनीची आणि शोध घेणारी दुसरीच असे. दोघी एकच माहिती दोनदा वाचत आणि एकमेकींना काही सांगत नसत. त्यातून एक विचित्र घोटाळा होई. फिती पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. सातव्या क्रमांकाची फीत पुसून तिच्यावर नवे लिहिले, पण शोधप्रणालीला ते कळलेच नाही, तर तिची सूची खुशाल सांगत राहते: 'तुमचे पान सातव्या फितीवर.' फीत लावून पाहावी तो भलतेच! म्हणून सांगड हवी ती दोन्ही बाजूंनी. प्रत झाली की सूचीत भर, प्रत पुसली की सूचीतूनही नोंद कमी.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट साधून घेतात. दस्तावर अंगठ्याचा ठसा असतो ना, तसा प्रत्येक फायलीचा एक आकडेबंद ठसा गणिताने काढता येतो. मजकुरातला एक काना जरी बदलला, तरी ठसा पार निराळा होतो. एकच परिपत्रक चारशे कचेऱ्यांच्या संगणकांत असेल, तर चारशेंचा ठसा एकच येतो. मग प्रत एकदाच ठेवायची आणि बाकीच्या ठिकाणी नुसता निर्देश करायचा. जागा तर वाचतेच, शिवाय दहा वर्षांनी फीत उघडल्यावर मजकूर जसाच्या तसा राहिला आहे की नाही तेही ठसा ताडून कळते.

मसुरें, मसुरे आणि संगणकाचे डोळे

आपल्या नोंदणी कचेऱ्यांत या शतकाच्या आरंभी 'सरिता' ही संगणक-प्रणाली आली आणि २०१२ साली तिच्या जागी 'आय-सरिता' आली. आता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरून सूची क्रमांक दोन घरबसल्या, विनामूल्य शोधता येते. मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण संगणक सूची पाहतो ती आपल्या डोळ्यांनी नव्हे.

जुन्या कागदांत 'नांव' आणि 'गांव' असे अनुस्वार देऊन लिहिलेले आढळते. १९६२ सालच्या लेखननियमांनंतर ते अनुस्वार गेले. मालवण तालुक्यातलीच गावे पाहा. जुन्या कागदांत मसुरें आणि आचरें, नव्यात मसुरे; आणि आचरे की आचरा, याची दोन्ही रूपे चालू. नांदरुख लिहिताना कुणी रु ऱ्हस्व काढतो, कुणी दीर्घ. माणसाच्या मनात ही सगळी एकच. संगणकाच्या लेखी मात्र एका टिंबाचा फरक म्हणजे निराळे गाव. जमिनीच्या नंबराचेही तेच. एकाने १२/३अ लिहिले, दुसऱ्याने १२-३-अ, तिसऱ्याने १२ पैकी ३अ. दस्त जागेवर आहे, प्रत आहे, सूचीही आहे, आणि तरी उत्तर येते: 'नोंद आढळली नाही.'

याहून गंमतीची गोष्ट अशी, की डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे अक्षरही संगणकाला दोन निरनिराळी दिसू शकतात. वकिलांच्या नावामागे लागणारा 'ॲडव्होकेट' घ्या. संगणक प्रत्येक अक्षराला एक आकडा देतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'ॲ'साठी २४१८ हा एकच आकडा आहे, आणि तो २००८ साली भर म्हणून आला. तत्पूर्वी लोक 'अ' म्हणजे २३०९ आणि वरचा चंद्र म्हणजे २३७३ असे दोन आकडे जोडून तेच अक्षर उमटवत, आणि पुष्कळजण अजूनही उमटवतात. कागदावर दोन्ही सारखीच. सूचीत मात्र दोन वेगळ्या ठिकाणी.

यावर उपाय काय? सूचीत घालण्यापूर्वी शब्द सरळ करून घ्यायचा. ऱ्हस्व-दीर्घ एक मानायचे, श आणि ष एक मानायचे, अनुस्वार सोडून द्यायचा, चंद्राची दोन्ही रूपे एकाच आकड्यावर आणायची. मूळ दस्ताला हात लावायचा नाही. बदल फक्त सूचीतल्या रूपात. शोधणाऱ्याचा शब्दही त्याच चाळणीतून घालायचा, म्हणजे दोघांची गाठ पडते. अमेरिकेत इंग्रजी आडनावांसाठी अशी उच्चारावरची सूची करण्याची पद्धत निघाली, तिचे पहिले पेटंट १९१८ सालचे आहे. तेव्हा संगणक नव्हते. कार्डांच्या पेट्या होत्या. मराठीसाठी असे नियम तुम्ही स्वतः बसवून पाहा. वर्गातल्या मुलांची नावे घ्या आणि कोणती दोन वेगळी नावे चुकून एक होतात तेही तपासा. चाळणी फार मोठ्या छिद्रांची झाली, तर परब आणि परभ एकत्र पडतील!

वादळ, आग आणि हरवलेली सूची

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांत घरांची छपरे उडाली, माड आणि आंब्याची झाडे मोडून पडली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा किनाऱ्यावर मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच इमारतीत ठेवणे म्हणजे दोन्ही आमसुलांच्या बरण्या एकाच गळक्या कौलाखाली ठेवणे. म्हणून संगणकवाल्यांत एक साधा नियम रूढ आहे: प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक तरी दूरच्या गावी. मालवणची एक प्रत घाटाच्या वर असावी, हे ओघानेच आले.

हा नियम न पाळल्यास काय होते याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. कागदाचेच असे होते असे समजू नका. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरी सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायली जेथे साठवल्या जात त्या प्रणालीतली ८५८ टेराबाइट माहिती त्यात गेली. साठा फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. आपण मघाशी पाहिलेल्या फिती आठवतात? ८५८ला १८ने भागा. अठ्ठेचाळीस डब्या पुरल्या असत्या. शाळेच्या कपाटाचा एक कप्पा.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत उलटेच घडले. तेथे सुमारे सतरा कोटी पुस्तके, नकाशे, हस्तलिखिते आहेत. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस खंडणीखोरांनी तिच्या संगणकांवर हल्ला केला. पुस्तके जागच्या जागी सुखरूप होती. एक पान फाटले नाही. पण संगणकावरची सूची बंद पडली, आणि सतरा कोटींतले हवे ते काढणे जवळजवळ अशक्य झाले. ती सूची, नुसती पाहण्यापुरती का होईना, १५ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली. ग्रंथालयाकडे आपल्या अंकीय संग्रहाच्या सुरक्षित प्रतीही होत्या. अडले कोठे? त्या प्रती उतरवून घ्यायला धड यंत्रणाच उरली नव्हती. म्हणून आता शहाण्या संस्था सूचीचीही प्रत ठेवतात, बहुधा फितीवरच्या माहितीच्या सोबतच. आणि अधूनमधून, काही बिघडलेले नसताना, एखादी जुनी फाईल मुद्दाम काढून पाहतात. ती किती मिनिटांत निघाली ते लिहून ठेवतात.

सूचीची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. माहिती कडीकुलपात आणि तिची सूची उघड्यावर, असे झाले तर गुपित फुटलेच म्हणायचे. १९०८च्या कायद्याने याचाही विचार केला होता. जमिनीच्या दस्तांची सूची कोणीही अर्ज करून पाहू शकतो. मृत्युपत्रांची मात्र नाही. ज्याने ते केले तो हयात आहे तोवर त्या नोंदीची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. आजोबांनी कुणाच्या नावे काय केले, हे त्यांच्या हयातीत पुतण्याने सूची चाळून शोधू नये, हा त्यातला हेतू. संगणकाच्या सूचीतही म्हणूनच प्रत्येक नोंदीसोबत ती कुणाला दिसावी हे लिहावे लागते.

चार ठिकाणचे मालवण

आता सगळ्यांत अवघड गाठ. समजा, तुम्हाला मालवण बंदराचा तीनशे वर्षांचा इतिहास कागदपत्रांतून पाहायचा आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर पूर्वी कोल्हापूर राज्याकडे होते. १८१२ सालच्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. मग मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात राहिला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. शेजारची सावंतवाडी तर १९४८पर्यंत स्वतंत्र संस्थान होती. म्हणजे एकाच किनाऱ्याचे कागद कोल्हापूर, मुंबई, रत्नागिरी आणि ओरोस अशा ठिकाणी विखुरणार, प्रत्येक ठिकाणची मांडणी निराळी. मोठ्या कंपनीतही असेच असते. एका शाखेचे यंत्र एक, दुसरीचे दुसरे. सारा साठा एका जागी आणणे खर्चाचे. त्यापेक्षा साठे जेथे आहेत तेथेच राहू देऊन सगळ्या सूच्या तेवढ्या एकत्र करणे सोपे. मागणारा एकदाच विचारतो. कोणते दप्तर उघडायचे ते सूची सांगते.

पण सूची करायला आधी कोणीतरी कागद वाचला पाहिजे ना? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे आपले पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. पुण्याच्या पुरालेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो तेथे, कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. असे सुमारे ३९,००० रुमाल आणि त्यांत पाच कोटींच्या आसपास कागद असल्याचे सांगतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादून काढले, तरी ते साठ्याच्या मानाने मूठभरच. स्कॅन करून या कागदांची राखीव प्रत घेता येते, पण संगणकाच्या दृष्टीने ते नुसते चित्र. त्यावर कोणाचे नाव आहे, कोणते गाव आहे हे त्याला कळत नाही. मोडी येणाऱ्या माणसाने कागद पाहून नाव, गाव आणि तारीख एवढे तीन शब्द जरी टंकले, तरी तो सूचीत येतो.

कागदाला दोन मिनिटे धरा. पाच कोटी कागदांना दहा कोटी मिनिटे, म्हणजे साडेसोळा लाखांहून अधिक तास. एक माणूस वर्षाला अडीचशे दिवस, रोज आठ तास बसला, तर त्याचे वर्षाचे दोन हजार तास होतात. एकट्याला ८३३ वर्षे लागतील. शंभर जणांना आठ वर्षे चार महिने. संगणकाला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. मात्र त्याला शिकवायलाही आधी माणसाने वाचून दिलेले हजारो कागद लागतात, आणि त्या कागदांतली 'मालवण', 'मालवन' आणि 'मालवणें' ही तिन्ही एकच, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.